मशीन उठत नाही

१

सकाळी मनस्वीचा नवरा कुंदन डबा घेऊन उरणच्या बसला पळाला की तिच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. आधी तिची नणंद तेजश्री आतल्या खोलीत जाऊन आपला कॉम्प्युटर चालू करायची. मग क्षिप्रा झोपायची.

रोजचंच होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांत ते भरलं नव्हतं. क्षिप्रा म्हणजे मनस्वीची तान्ही पोर. करंजाड्याच्या त्या इमारतीत मजल्या-मजल्यावर लहान पोरं होती आणि पोरांपायी डोळ्यांखाली काळं झालेल्या आया होत्या. मनस्वीची पोर मात्र शहाण्यासारखी. आत मशीनचा पंखा घुर्रर्र करत सुरू झाला की इकडं पाळण्यात हिची मान कलायची. दुपारी तेजश्री जेवायला उठताना मशीन बंद करायची, तेव्हा ही जागी. पिऊन होईस्तोवर तेजश्री परत कामाला बसायची, की ही परत झोपलेली.

"काय गं, अफू चाटवतेस का पोरीला?" समोरच्या मीनाकाकी दारात उभ्या राहून विचारायच्या. "आमचा नातू बघ, अख्खी सोसायटी डोक्यावर घेतो."

मनस्वी हसायची. पण तिचा जीव मुळात मुंगीएवढा. सातवी झाली, शाळा सुटली, लग्न झालं आणि तेव्हापासून ती कशाला ना कशाला भीतच आली होती. लिफ्टला भ्यायची, गॅसच्या नळीला भ्यायची. दिवसातून चार-चार वेळा ती पाळण्यापाशी जायची आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास असायचा. सावकाश, पण असायचा.

तरी एक गोष्ट तिला टोचत होती. तिच्या माहेरी, खाडीकाठच्या गावात, बायका म्हणायच्या की तान्हं पोर झोपेत हसतं, ओठ चोखतं, दचकतं. क्षिप्रा रात्री सगळं करायची. दिवसाच्या झोपेत मात्र काहीच नाही. माशी गालावर बसली तरी गाल हलायचा नाही.

सांगायचं कुणाला? तेजश्रीला सांगावं तर ती कामात. आणि तेजश्रीपुढं असलं काही बोलायला मनस्वीला स्वतःचीच लाज वाटायची. कारण तेजश्री म्हणजे तिला वाटायचं, बाई असावी तर अशी. शिरवण्याच्या गावठाणात वाढलेली, डिप्लोमा केलेली, घरांचे नकाशे काढणारी. बंद पडलेला मिक्सर खोलायची, मीटरबोर्डाला हात घालायची, सोसायटीच्या सेक्रेटरीला भर मीटिंगमध्ये "काका, नियम दाखवा" म्हणायची. घर तिच्यावर उभं आहे असं कुणी म्हणत नव्हतं. पण घरात काही बिघडलं की सगळ्यांची तोंडं तिच्याकडंच वळायची.

२

क्षिप्रा रांगायला लागली त्याच आठवड्यात मशीन बिघडलं.

त्या दिवशी तेजश्रीनं बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला, पडद्यावर टिंबांचं कडं गरगरायला लागलं आणि सगळं बसलं. परत दाबलं. परत तेच.

"वहिनी, लाइट गेली का गं?"

"नाय ताई. फ्रीज चालू हाय."

मनस्वी दारात आली. कडेवर क्षिप्रा होती, टक्क जागी. सकाळच्या त्या वेळी पोर जागी असायची ही पहिलीच खेप. पण तेव्हा दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही, कारण तेजश्रीचा चेहरा उतरला होता आणि तो उतरलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

"आज संध्याकाळपर्यंत नकाशा पाठवायचाय," ती म्हणाली. "बेलापूरच्या ऑफिसला. हा आवडला त्यांना तर घरी बसून कायमचं काम आहे. नाही गेला तर दुसऱ्या कुणाला देतील."

"मंग दुकानात न्यायचं?"

"दुकानवाला दोन दिवस ठेवून घेईल. थांब, मीच बघते."

ओढणी कमरेला बांधून ती जमिनीवर बसली. मशीनचा एका बाजूचा पत्रा काढला. आतली धूळ तिनं रंगाच्या ब्रशनं झाडली. मेमरीची पट्टी उपसून तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं, उजेडात धरून बघितलं आणि टक् करून परत बसवली. मनस्वी बघत राहिली. कोळंबी सोलणारी बाई जशी बोटांकडं न बघता सोलते, तशी ही त्या तारांच्या गुंत्यात हात घालत होती.

"घाबरत नाय तुमी?"

"घाबरायचं काय त्यात? त्याला काहीतरी होतंय, ते सांगता येत नाही. क्षिप्राला तरी कुठं सांगता येतं? अंदाजानं बघायचं."

बटण दाबलं. टिंबांचं कडं फिरलं आणि विझलं.

३

"आता एकेक काढत जायचं," तेजश्री म्हणाली. "जे नसलं तरी चालतं ते आधी. काढायचं आणि चालू करून बघायचं. जे काढल्यावर उठलं, त्याच्यात खोट."

मनस्वीला ते फार पटलं. पोरीला पुरळ आलं तेव्हा तिनंही असंच केलं होतं. आधी तेल बंद, मग साबण बंद.

प्रिंटर काढला. स्पीकर काढले. मागं खोचलेलं वायफायचं बोंडुक काढलं. एक्स्टेन्शन बोर्ड काढून वायर थेट भिंतीत घातली. खोलीभर वस्तू पसरल्या आणि मधे ते मशीन, कातडं सोललेल्या जनावरासारखं उघडं. तरी उठेना.

क्षिप्रा आता किरकिरायला लागली होती. मनस्वी तिला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, भिंतीला टेकून बसली आणि पदराखाली घेतलं. पोर चुटुचुटु पिऊ लागली. डोळे मिटायला आले, उघडले, परत मिटले.

आतून घुर्रर्र आवाज आला. आणि लगेच तेजश्रीचा, "उठलं! वहिनी, उठलं बघ!"

"काय काढलंत?"

"काहीच नाही गं! नुसतं परत दाबलं."

मनस्वीला आनंद झाला. तिनं खाली पाहिलं. क्षिप्राचं तोंड उघडं होतं आणि त्यातून दूध एका रेघेत बाहेर वाहत होतं. पोर ते गिळत नव्हती. मान हातावर पडली होती, ओल्या कपड्यासारखी.

"क्षिप्रा? ए बाय?" तिनं गाल थोपटला. पाऊल चोळलं. पाठीवर थाप मारली. मग घाबरून तिनं पोरीला दोन्ही हातांनी उचलून जोरात हलवलं.

पोर ठसकली आणि रडली. त्याच वेळी आतला पंखा बसला.

"अरे यार!" तेजश्री ओरडली. "गेलं परत."

मनस्वी पोरीला छातीशी धरून बसून राहिली. असं कसं असेल, ती स्वतःला सांगत होती. लहान पोरं पिता पिता झोपतात, मशीनं बंद पडतात. दोन्ही खरं. पण तिच्या हातांना आत्ता जे वजन लागलं होतं, ते झोपलेल्या पोराचं नव्हतं. झोपलेलं पोर जड लागतं. हे नुसतं ठेवल्यासारखं लागलं होतं.

ती उठून दारात गेली.

"ताई, हसू नका. एक सांगू?"

४

तेजश्री हसली नाही. मनस्वी पुढं आयुष्यभर तिला ज्या गोष्टींसाठी मानत राहिली, त्यात ही पहिली.

तिनं सगळं ऐकून घेतलं, नाकावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "योगायोग असेल. पण असेल म्हणून सोडायचं नाही. करून बघू. तू तिला बाहेर घेऊन बस, जागी ठेव, खेळव. मी दाबते. काही वाटलं तर हाक मार, मी लगेच मागून वायरच उपसते."

"तिला कायतरी झालं तर?"

"म्हणून तर वायर हातात धरून बसते."

मनस्वीनं सतरंजीवर पोरीला बसवलं. पुढं स्टीलची वाटी ठेवली आणि चमच्यानं वाजवली. क्षिप्राला तो खेळ फार आवडायचा. वाटी वाजली की ती आधी दचकायची, मग पोट हलवून खदखदून हसायची. दुपारचं ऊन बाल्कनीतून आत आलं होतं. खाली टेम्पो मागं घेण्याची पिपाणी वाजत होती. सगळं रोजच्यासारखं होतं आणि मनस्वीला वाटलं, आपण उगाच बाईच्या कामात खोळंबा घालतोय.

वाटी वाजली. क्षिप्रा हसली. दोनच दात, गुलाबी हिरड्या, डोळ्यांच्या फटी.

आत पंखा घुरघुरला.

हसणं थांबलं. म्हणजे आवाज थांबला. तोंड तसंच उघडं राहिलं, डोळ्यांच्या फटी तशाच, हात हवेत. ओठावरची लाळेची तार लोंबत होती तीही तेवढीच लांब राहिली, मग तुटून झबल्यावर पडली. पोर बसल्या जागी होती. पडलीसुद्धा नाही.

मनस्वीनं हाकेऐवजी वाटीच भिंतीवर फेकली.

आतला आवाज खाडकन बंद झाला आणि क्षिप्रा हसली. नव्यानं नाही. जिथं थांबली होती तिथून, अर्ध्यावरून पुढं.

दारात तेजश्री उभी होती. हातात उपसलेली वायर. तिनं पोरीच्या हसण्याचा तो तुकडा ऐकला होता.

"म्हणजे इतके दिवस..." ती म्हणाली. दोघींना एकच आठवलं, की सगळी इमारत या पोरीला शहाणी म्हणत होती. आधी ती आपली जायची. आता अंगात जोर आला होता, म्हणून जायला तयार नव्हती, आणि ती गेल्याशिवाय मशीन उठत नव्हतं.

५

"फेकून द्या ते," मनस्वी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. खाली कचऱ्यात."

"आणि भंगारवाल्यानं नेलं, घरी जाऊन चालू करून बघितलं तर? त्याच्याकडं जाऊन बंद कर म्हणून कोण सांगणार?"

"मंग फोडा."

"फोडल्यावर काय होईल, तुला माहितीय? मला नाही." तेजश्री खुर्चीवर बसली. ती काळ्या पडद्याकडं वळली. "वहिनी, हे मशीन घरी कधी आलं?"

मनस्वीला आठवायची गरज नव्हती. बारशाच्या दिवशी. शिरवण्याच्या घरी पाळणा सजवला होता, अंगण बायकांनी भरलं होतं. सासूबाईंचा शब्द कडक असायचा. आत्यानं ठरवलेलं नाव आधी बाळाच्या कानात पडायचं, मग जगाच्या. तेजश्री पाळण्यात वाकली, तिनं कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले होते, आणि ती हसत हसत ओरडली होती.

"त्याच सकाळी खोका आला होता," तेजश्री हळू बोलत होती. "मी वरच्या खोलीत बसून जोडलं. जोडलं की ते पहिल्यांदा विचारतं, मशीनचं नाव काय ठेवायचं. माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं गं. रात्रभर तेच नाव घोळत होतं. खूप आवडलं होतं मला. मी तेच टाकलं. मग खाली आले आणि पाळण्याशी बसले."

"म्हंजी आधी त्याला..."

"हो. आधी त्याला."

मनस्वीच्या मनात आलं, आता हिच्यावर ओरडावं. पण ओरडू कसं? बारशाला ज्या बाईनं जीव लावून नाव शोधलं, तीच ही. आणि ती रडत नव्हती, माफी मागत नव्हती. ती विचार करत होती, आणि त्या क्षणी मनस्वीला त्याचाच आधार होता.

"नाव बदलता येतं," तेजश्री म्हणाली. "पण त्यासाठी ते चालू करावं लागेल."

६

पोरीला मनस्वीनं मांडीवर घेतलं आणि स्वतःच होकाराची मान हलवली. तेजश्रीनं वायर आणि वायफायचं बोंडुक परत खोचलं आणि बटण दाबलं. क्षिप्रा थांबली.

तेजश्रीची बोटं भरभर चालली. तिनं जुनं नाव खोडलं आणि 'टेबल' लिहिलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. मधल्या पळभरात पोरीनं एक खोल श्वास घेतला आणि परत थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. मनस्वीला इंग्रजी फार येत नव्हतं, पण लसीच्या कार्डावरचं ते नाव तिला कुठंही वाचता आलं असतं. क्षिप्रा.

"घेत नाहीये," तेजश्री पुटपुटली. तिनं 'खिडकी' लिहिलं. 'करंजाडे' लिहिलं. नुसते आकडे टाकले. प्रत्येक वेळी तेच नाव परत आलं. मांडीवरची पावलं गार पडत चालली होती.

"ताई, बस. बंद करा. ताई!"

"एक मिनिट. त्याला वस्तूचं नाव नकोय." तेजश्रीनं मान वळवून पोरीकडं पाहिलं, मग मनस्वीकडं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असं नाही. पण भीती एका बाजूला सारून ठेवल्यासारखी होती, मघाच्या प्रिंटरसारखी. "वहिनी, वायरचा खटका तो बघ, भिंतीवरचा. माझा नकाशा गेला की दाबायचा. समजलं? तोवर थांब आणि अजिबात घाबरू..."

बोलता बोलता तिनं आठ-नऊ अक्षरं लिहिली आणि बटण दाबलं. मशीन बसलं. मशीन उठलं.

क्षिप्रानं टाहो फोडला. जिवंत, रागावलेला, भुकेला टाहो. मनस्वीनं तिला उराशी आवळलं, तिचे गाल, कान, पावलं, सगळ्यांचे मुके घेतले. "ताई, आली! आली बघा!"

तेजश्री खुर्चीवर ताठ बसली होती. ओठ शेवटच्या शब्दावर अर्धवट उघडे होते. हात मांडीवर.

पडद्यावर नकाशा आपोआप उघडला. बाण सरकला. कुणाचा हात नसताना एक रेघ ओढली गेली, मग दुसरी. भिंती, दारं, जिन्याच्या पायऱ्या. मनस्वीनं तेजश्रीला काम करताना खूप वेळा पाहिलं होतं. ही रेघ तिचीच होती. तीच घाई, कोपऱ्यापाशी तेच किंचित थांबणं. फक्त आता तिला हाताची अडचण नव्हती.

खटक्यावर बोट ठेवून मनस्वी उभी राहिली. दाबावा की थांबावं? दाबला आणि उलटं होऊन पोरच परत गेली तर? तिला कळेना. थांब म्हणून ताईंनी सांगितलं होतं, आणि ताईंचं सांगणं आजवर चुकलं नव्हतं. म्हणून ती थांबली. आणि थांबल्या थांबल्या, तेवढ्या भीतीतही, तिला वाटून गेलं की केवढं सुंदर घर काढतेय ही.

नकाशा पुरा झाला. पाठवण्याची हिरवी पट्टी भरली आणि तो गेला. मनस्वीनं डोळे मिटून खटका दाबला.

"...नकोस," तेजश्री म्हणाली. मग तिनं डोळे चोळले, रडणाऱ्या क्षिप्राला बघितलं आणि खुर्चीवर मागं रेलून हसायला लागली.

७

काम मिळालं. पहिल्या दिवशी तेजश्री आंघोळ करून, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून खुर्चीवर बसली. "आता दिवसभर तुम्ही दोघीच राहा गं," ती म्हणाली. "संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी खटका दाब. मी ऑफिसला गेले असं समज."

"ताई, नका ना. दुसरं मशीन घेऊ."

"आणि याला कुणाच्या जिवावर सोडू? माझं नाव आहे त्याच्यात. आणि खरं सांगू? तिकडं काम फार सुरेख होतं."

कुंदनला वाटायचं, बहीण कानात बोंडं घालून बसते आणि हाकेला ओ देत नाही. ऑफिसातून तिचं कौतुक यायचं, इतकं नितळ काम आम्ही पाहिलं नाही म्हणून. मनस्वी दुपारी हळूच आत जायची आणि आता नणंदेच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास असायचा. सावकाश, पण असायचा. मग तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी नीट करायची. क्षिप्रा घरभर रांगायची, भांडी ओढायची, झोपेत हसायची. हे सगळं कुणाच्या जोरावर चाललंय, ते मनस्वी एक क्षण विसरत नव्हती. देवापुढं हात जोडताना तिच्या डोळ्यांपुढं ती खुर्चीच यायची.

एका संध्याकाळी तिनं दिवा लावला, आत येऊन खटका दाबला. पडदा काळा झाला. पंखा मंद होत होत थांबला.

तेजश्री हलली नाही.

"ताई?"

खोलीत इतकं शांत झालं की भिंतीवरची पाल सरकल्याचंही ऐकू आलं. मनस्वीनं खटका बंद असल्याची खात्री केली. वायर उपसली. खांदा धरून हलवला. "ताई, ओ ताई! तेजूताई!" क्षिप्रा रांगत आली आणि खुर्चीचा पाय धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं पापण्या हलल्या. तेजश्रीनं लांबचा प्रवास करून आल्यासारखा चेहरा ओढणीनं पुसला.

"उशीर झाला का गं?"

"जीव गेला माजा! काय झालं काय?"

"काही नाही. निघायलाच देत नव्हते."

मनस्वीचा हात वायरीवरच राहिला. "कोन?"

तेजश्रीनं वाकून क्षिप्राला उचललं, मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. "चांगली आहेत तिकडची सगळी," ती म्हणाली. तिचा आवाज मायेचा होता, माहेरचं काही सांगावं तसा. "हिला ओळखतात. इतके दिवस रोज येत होती ना. आज सगळी विचारत होती, पोरगी आता का येत नाही म्हणून."

मनस्वीनं पोरीला ओढून घेण्यासाठी हात पुढं केले. क्षिप्रा तिच्याकडं बघतच नव्हती. तिनं मान वळवली, काळ्या पडद्याकडं पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला हलवावा तसा हात हलवला.